बंद झालेल्या मॉडेल रॉकेटची प्रतिकृती: जुना ‘अल्फा’, पंचवीसचा पाइप आणि वऱ्हाडातलं ऊन

मॉडेल रॉकेट म्हणजे कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि पुढे निमुळतं टोक, म्हणजे नोज कोन, असलेलं छोटं रॉकेट. कारखान्यात बनलेली एक लहानशी मोटर त्यात बसवतात. रॉकेट वर जातं, मोटर संपता संपता नोज कोन बाहेर ढकलला जातो, पॅराशूट उघडतं आणि रॉकेट पुन्हा हातात येतं. अमेरिकेत याचे संच १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून विकले जातात. एस्टेस आणि सेंच्युरी ही त्यातली दोन मोठी नावं. या कंपन्यांचे शेकडो संच आज बंद झाले आहेत. जुना न उघडलेला डबा मिळालाच तर संग्राहकांच्या भावात मिळतो, आणि इतके पैसे मोजून घेतलेला डबा फोडायला हात धजावत नाही. म्हणून छंदी लोक मूळ आराखड्यावरून तेच रॉकेट नव्याने बांधतात. त्याला ‘क्लोन’ म्हणतात.

अमरावती किंवा अकोल्यात बसून हे करायचं तर तीन गोष्टी जवळ नसतात: संच, बाल्सा लाकूड आणि मोटर. पहिल्या दोघांवर उपाय आहे, आणि तो चांगला आहे. तिसऱ्यावर घरगुती उपाय नाही, म्हणून ते आधीच बोलून टाकू.

मोटरचं काय?

हा छंद जन्मालाच आला तो पोरांनी घरी दारू कालवू नये म्हणून. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल यांचं जोड्यांचं दुकान होतं. त्यांनी १९५४ च्या सुमारास कागद आणि बाल्साचं, तयार मोटरवर उडणारं आणि पॅराशूटने परत येणारं रॉकेट बनवलं. जी. हॅरी स्टाइन हे व्हाइट सँड्स इथल्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करायचे. घरी रॉकेट बनवताना होणाऱ्या अपघातांवर त्यांनी १९५७ मध्ये लेख लिहिला, तो वाचून कार्लाइलनी त्यांना आपली रॉकेटं पाठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला रॉकेट हवंसं झालं. मोटरची मागणी पुरवायला व्हर्नन एस्टेस यांनी ‘मेबल’ नावाचं यंत्र बांधलं. ते साडेपाच सेकंदाला एक मोटर ठासायचं. माणसाचा हात दारूपासून दूर ठेवणं, हेच त्या यंत्राचं मोठं काम होतं.

भारतात अशी मोटर बनवणं १८८४ च्या एक्सप्लोझिव्ह्ज अ‍ॅक्ट आणि २००८ च्या एक्सप्लोझिव्ह्ज रूल्सच्या कक्षेत येतं. परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे, अमरावतीहून जेमतेम दीडशे किलोमीटर. परदेशातून येणारा नातेवाईक बॅगेत मोटर घालून आणू शकत नाही, विमानात त्याला बंदी आहे. व्हिडिओ बघून साखर नि खताचं मिश्रण शिजवणं, किंवा दिवाळीचं रॉकेट फोडून त्यातली दारू काढणं, हे तर करूच नका. बोटं जायला एक ठिणगी पुरते. उडवायचंच असेल तर कॉलेजच्या संघातून, परवानगी असलेल्या जागी. इन-स्पेस या केंद्रीय संस्थेने २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली, तो मार्ग खुला आहे.

तेव्हा आपलं रॉकेट कपाटावर उभं राहणार. पण ते उडू शकेल असंच बांधायचं. शोभेची वस्तू आणि प्रतिकृती यातला फरक मला तरी इथेच दिसतो. वजन आणि तोल बरोबर नसेल तर बाहेरून कितीही हुबेहूब असलं तरी ती मूळ रॉकेटची प्रतिकृती नाही.

कोणतं रॉकेट निवडावं?

पहिल्यांदा करताय तर एस्टेसचा जुना ‘अ‍ॅस्ट्रॉन अल्फा’ घ्या. १९६० च्या दशकातला, कॅटलॉग क्रमांक के-२५. अल्फा हे नाव कंपनीने पुढेही वापरलं, पण तो जुना संच कधीच बंद झाला. लांबी ३१.१ सेमी, नळीचा बाहेरचा व्यास २४.८ मिमी, तीन पंख, मोटर सोडून वजन सुमारे २३ ग्रॅम. सोपं, देखणं आणि तोलाला पक्कं.

जुन्या संचांचे आराखडे आणि कॅटलॉग यांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर आहेत. त्यातले संकेत समजले की अर्धं काम झालं. बीटी म्हणजे बॉडी ट्यूब, बीएनसी म्हणजे बाल्साचा नोज कोन, पीएनसी म्हणजे प्लास्टिकचा. बीटी-२० चा बाहेरचा व्यास १८.७ मिमी, बीटी-५० चा २४.८, बीटी-६० चा ४१.६. म्हणजे बीटीपुढचा आकडा व्यास सांगत नाही, तो फक्त क्रमांक आहे. सेंच्युरीचं उलट: त्यांच्या एसटी-१० मधला १० म्हणजे आतला व्यास, इंचाच्या दहाव्या भागात. ही गल्लत झाली की सगळी मापं चुकतात.

एखादं माप आराखड्यात मिळत नसेल तर फोटोवरून काढता येतं. नळीचा व्यास आपल्याला पक्का माहीत आहे, तीच फूटपट्टी. समजा कॅटलॉगमधल्या आडव्या फोटोत नळी ६२ पिक्सेल रुंद आणि रॉकेट ७७८ पिक्सेल लांब आहे. ७७८ भागिले ६२ म्हणजे १२.५५. त्याला २४.८ मिमीने गुणलं की ३११ मिमी. जमलं.

पंखांच्या बाबतीत मात्र फोटो फसवतो. तीन पंखांच्या रॉकेटचा एक पंख कॅमेऱ्याकडे असेल तर उरलेले दोन ३० अंशांनी मागे वळलेले असतात आणि खऱ्यापेक्षा आखूड दिसतात. त्यामुळे नळीच्या मध्यरेषेपासून पंखाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि ०.८७ ने भागायचं. नळीच्या कडेपासून मोजलंत तर उत्तर चुकेल. कॅमेरा फार जवळ असलेला फोटो तर घेऊच नका.

नळी: इलेक्ट्रिकच्या दुकानातून

बीटी-५० नळी इथे मिळत नाही. पण अमरावतीच्या राजकमल चौकात काय नि अकोल्याच्या टिळक रोडला काय, लाइट फिटिंगचा पीव्हीसी कंड्युट पाइप कुठेही मिळतो. ‘पंचवीसचा पाइप’ मागा. त्याचा बाहेरचा व्यास २५ मिमी असतो. त्यावर कागद गुंडाळून नळी करायची.

कागद कोणता? शाळेच्या वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद उत्तम. जाडी साधारण ०.१ मिमी. दुकानदाराचं ऐकण्यापेक्षा दहा पदर एकावर एक ठेवून व्हर्नियरने मोजा आणि दहाने भागा. चार वेढे दिले की नळीची भिंत ०.४ मिमीची होते आणि बाहेरचा व्यास २५.८ मिमी. मूळ २४.८ पेक्षा हा ४ टक्क्यांनी जास्त आहे. इथे घाबरायचं कारण नाही. सगळीच मापं ४ टक्क्यांनी वाढवा: लांबी ३१.१ ऐवजी ३२.३ सेमी, पंख १.०४ पट, नोज कोन १.०४ पट, अक्षरंही १.०४ पट. प्रमाण तेच राहिलं की डोळ्याला फरक कळत नाही. एकच माप ओढूनताणून मूळचं ठेवलं, की लगेच कळतो.

चार वेढ्यांना ३२ सेमी रुंद पट्टी लागते. कागदालाही लाकडासारखी शीर असते. ज्या दिशेने तो सहज गोल वळतो, त्याच दिशेने गुंडाळा. पाइपवर आधी मेणबत्ती घासा. पहिला वेढा कोरडा, त्यापुढे पाणी घालून थोडा पातळ केलेला फेव्हिकॉल ब्रशने. अर्ध्या तासाने नळी हलकेच फिरवून पाइपवरून मोकळी करा. पूर्ण सुकू दिली तर आवळून बसते, मग निघत नाही.

मोटर बसायची आतली नळी १८ मिमीच्या गोल दांड्यावर अशीच करायची. जुन्या संचात शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोन आणि नळीला जोडणारा दोर, रबराचा असायचा. आपल्या उन्हाळ्यात रबर लवकर कुजतं. शिंप्याकडचं पातळ इलास्टिक वापरा, दिसणार तर नाहीच.

लाकूड

बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचं अतिशय हलकं लाकूड. पुण्या-मुंबईतल्या एअरोमॉडेलिंगच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवता येतं. पंखांसाठी २ ते २.५ मिमी जाडीची फळी घ्या. पंख कापताना लाकडाची शीर पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवी. आडवी शीर असलेला पंख रॉकेट जमिनीवर टेकताना कडकन मोडतो.

बाल्सा नाहीच मिळालं तर? लग्नपत्रिका. खरंच. जाड पत्रिकांचे तीन-चार तुकडे, शीर एका दिशेने ठेवून, फेव्हिकॉलने चिकटवा आणि जड पुस्तकांच्या थप्पीखाली दोन दिवस दाबून ठेवा. असा पंख बाल्सापेक्षा बराच जड होतो, पण सरळ राहतो. वजनाचा हिशोब मात्र पुढे द्यावा लागतो.

नोज कोनसाठी ठोकळ्याच्या मध्यभागी ६ मिमीची गोल काडी चिकटवा, ती ड्रिल मशीनच्या तोंडात पकडा आणि फिरत्या लाकडाला पॉलिश पेपर लावत आकार आणा. आधी ८० नंबरचा, मग २२०. जुन्या व्हिजिटिंग कार्डात अर्धा आकार कापून साचा करा आणि दर मिनिटाला लावून बघा. चष्मा आणि मास्क लावा, बाल्साची धूळ बारीक असते. थ्रीडी प्रिंटरवर नोज कोन छापणं सोपं आहे, पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. अकोल्यात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवून बघा, कोन वाकलेला मिळेल.

पंख चिकटवताना फेव्हिक्विकच्या मोहात पडू नका. तो सांधा ठिसूळ असतो आणि भोवती पांढरी झाक सोडतो. फेव्हिकॉलचा पातळ थर, आणि सुकल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटाने ओढलेली गोलसर भर. ही भर एकदाच जाड भरली तर सुकताना आक्रसते आणि खड्डे पडतात. पातळ भरा, तीनदा भरा.

फिनिशिंग: खरा वेळ इथे जातो

बांधायला दोन दिवस लागतात, फिनिशिंगला दोन आठवडे. बाल्साच्या शिरा आणि कागदाची शिवण रंगाखाली झाकली जात नाहीत, उलट उठून दिसतात. म्हणून आधी भरायच्या.

सुताराकडचं सँडिंग सीलर घ्या आणि त्यात थोडी टाल्कम पावडर मिसळा. ही एअरोमॉडेलिंगवाल्यांची जुनी रीत आहे. पंख नळीला लावण्याआधीच त्यांना हे लावा, आणि दोन्ही बाजूंना लागोपाठ लावा. एकाच बाजूला लावलं तर सुकताना पंख पापडासारखा वळतो. सुकलं की ४०० नंबरचा पेपर. पुन्हा हात, पुन्हा पेपर. पंख काचेसारखा लागेपर्यंत. नळीची शिवण भरायला गाड्या रंगवणाऱ्यांकडची एनसी पुट्टी चालते. मग राखाडी प्राइमर, ६०० चा वॉटर पेपर, पांढरा बेस आणि शेवटी रंग.

आता आपल्या भागाचा प्रश्न. एप्रिल-मे मध्ये दुपारी स्प्रे मारलात तर रंगाचा थेंब हवेतच अर्धा सुकतो आणि रॉकेटवर पोचतो तो कणासारखा. पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. त्यात गरम वारा नि काळ्या मातीची धूळ. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं: हवेतला ओलावा सुकत्या लॅकरवर बसतो आणि चकाकी जाऊन पांढुरकी साय येते. चिखलदऱ्याला तर पावसाळ्यात डबी उघडूच नये. वऱ्हाडात रंगकामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ ते अकरा. दव उडालेलं असतं, ऊन कोवळं असतं, वारा पडलेला असतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा आणि डबी रॉकेटच्या जवळ, २० सेमीवर धरा.

दोन रंगांची सीमा धारदार हवी तर एक युक्ती आहे. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग मारा. टेपखाली जे काही झिरपायचं ते खालचंच झिरपतं, वरचा रंग अडतो. जुन्या रॉकेटांवर चमकता नारिंगी-लाल रंग बराच दिसतो. तो फक्त पांढऱ्यावर खुलतो आणि उन्हात भरभर उडतो, म्हणून तयार रॉकेट खिडकीपासून लांब ठेवा. कॅटलॉगमधल्या फोटोवरून छटा जुळवायला जाऊ नका. साठ वर्षं जुन्या छपाईतला लाल हा लाल राहिलेला नसतो.

आणि वजन. या रॉकेटचं एकूण पृष्ठफळ, पंखांच्या दोन्ही बाजू धरून, साधारण ३५० चौरस सेमी भरतं. रंगाचे सगळे थर मिळून सुकल्यावर ०.१ मिमी झाले तरी साडेचार ग्रॅम होतात. २३ ग्रॅमच्या रॉकेटवर पाचवा हिस्सा! त्यातही ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्र पंखांवर, म्हणजे शेपटीकडे. त्यामुळे रंग जितका जाड, तितका तोल मागे सरकतो. शोकेसमध्ये आरशासारखं चमकणारं रॉकेट आकाशात कोलांटी मारू शकतं, ते असं. दर थरानंतर सोनाराच्या काट्यासारख्या लहान डिजिटल काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा.

अक्षरं

मूळ संचात पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल असायचे. त्यांचा कागद ऑनलाइन मिळतो, पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही हे लक्षात ठेवा. एकरंगी अक्षरांसाठी दुसरा रस्ता आहे: गाड्यांच्या नंबर प्लेट करणारा रेडियमवाला. स्कॅनमधली अक्षरं इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेषांनी गिरवून घ्या, १.०४ पट करा आणि पेन ड्राइव्हवर न्या. त्याचं मशीन व्हिनाइलमधून नेमकी अक्षरं कापून देतं. व्हिनाइल डेकलपेक्षा जाड असल्यामुळे कड बोटाला लागते. वरून क्लिअर लॅकरचा हात दिला की कमी होते. कंपनीचं नाव आणि चिन्ह स्वतःच्या एका रॉकेटवर लावणं वेगळं आणि असे संच बनवून विकणं वेगळं. दुसरं करू नका.

उडलं असतं का?

हे न उडवता तपासता येतं. १८ मिमी जाड आणि ७० मिमी लांब लाकडी दांडी घ्या, पोखरून आत माती भरा आणि वजन २४ ग्रॅमपर्यंत आणा. सी६ मोटर साधारण एवढीच असते. ती बसवून, पॅराशूट आत घालून, रॉकेट दोऱ्यावर आडवं तोला. जिथे ते समतोल राहतं तो गुरुत्वमध्य. हवेचा दाब जिथे एकवटतो तो दाबमध्य याच्या मागे, निदान नळीच्या एका व्यासाइतका, हवा. आपल्या रॉकेटात म्हणजे २६ मिमी.

दाबमध्य काढायची सोपी पद्धत नासातले अभियंता जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात छंदी लोकांना दिली. आज ते गणित हाताने करायची गरज नाही. ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर सॅम्पो निस्कानेन या फिनलंडच्या विद्यार्थ्याने २००९ च्या प्रबंधातून उभं केलं. त्यात तुमची मापं आणि वहीतली वजनं भरा. तोल तर कळतोच, सी६ मोटरवर रॉकेट किती उंच गेलं असतं हेही कळतं. लग्नपत्रिकेचे पंख आणि बाल्साचे पंख यांची तुलना करून बघा, चांगलीच करमणूक होते.

संगणकावर विश्वास नसेल तर मोकळ्या मैदानात जा. गुरुत्वमध्यावर दोन मीटर दोरी बांधून टेपने पक्की करा आणि रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवा. नोज कोन पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं किंवा उलटं फिरलं तर नोज कोनच्या पोकळीत थोडी माती भरा आणि पुन्हा फिरवा.

पुढचं रॉकेट

अल्फा जमला की अमेरिकन कॅटलॉगमध्येच अडकून राहायचं कारण नाही. आपल्याकडचंही एक बंद झालेलं रॉकेट या पाइपांवर बसतं: एसएलव्ही-३. भारताने स्वतःच्या रॉकेटने पहिला उपग्रह, रोहिणी, १८ जुलै १९८० ला याच्यावरून सोडला. तेव्हा अब्दुल कलाम प्रकल्पाचे संचालक होते, आणि विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते घन इंधनातले तज्ज्ञ वसंत गोवारीकर. चार उड्डाणं झाली, शेवटचं १७ एप्रिल १९८३ ला.

उंची २२.७ मीटर. पहिला टप्पा १ मीटर व्यासाचा, १० मीटर लांब. दुसरा ०.८ मीटर व्यासाचा, ६.४ मीटर लांब. आता इलेक्ट्रिकच्या दुकानातले पाइप आठवा: २५ आणि २०. गुणोत्तर बरोब्बर ०.८! पंचवीसच्या पाइपवर चार वेढ्यांची नळी २५.८ मिमी होते, विसाच्या पाइपवर २०.८ मिमी. प्रमाण साधारण १:३९ पडतं. पहिला टप्पा २५.८ सेमी, दुसरा साडेसोळा सेमी आणि पूर्ण रॉकेट साडेअठ्ठावन्न सेमी. दोन नळ्यांमधला निमुळता सांधा जाड कार्डाचा करायचा.

एक अडचण येईल. खऱ्या एसएलव्ही-३ ला दिशा देण्यासाठी नियंत्रण यंत्रणा होती, त्यामुळे त्याचे चार पंख लहान आहेत. तुमच्या दोरीच्या चाचणीत ते बहुधा नापास होईल. अशा वेळी मापाचे पंख तसेच ठेवतात आणि त्यांना पारदर्शक प्लास्टिकचे मोठे तुकडे जोडतात. शोकेसमध्ये ठेवताना काढून ठेवायचे.